जालना जिल्ह्यातील घरगुती पाणीबचत

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील जालना जिल्ह्यात पिणे, स्वयंपाक, स्नान व स्वच्छता यांसाठी लागणारे पाणी साठवण्याच्या, जपून वापरण्याच्या आणि पुन्हा वापरण्याच्या पद्धतींना एकत्रितपणे घरगुती पाणीबचत असे म्हटले जाते. जिल्हा पर्जन्याच्या अनिश्चिततेच्या पट्ट्यात मोडतो. येथील बहुसंख्य घरांत नळाचे पाणी अखंड येत नाही, त्यामुळे पाणीबचतीचा प्रश्न प्रामुख्याने साठवलेल्या पाण्याशी निगडित आहे. साठवलेले पाणी गळतीने, बाष्पीभवनाने किंवा खराब होऊन वाया जाते. हा नियम माठ व रांजणाला लागू पडतो, तसाच छतावरील टाकीला आणि अलीकडे मोठ्या घरांत व फार्महाऊसवर बसवल्या जाणाऱ्या गरम पाण्याच्या टबालाही (हॉट टब) लागू पडतो.

## पार्श्वभूमी

जालना जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे आठ तालुके आहेत. इ.स. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९.५९ लाख, तर जालना शहराची सुमारे २.८५ लाख होती. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. पूर्णा, दुधना व गिरजा या जिल्ह्यातील अन्य प्रमुख नद्या असून जालना शहर दुधनेची उपनदी असलेल्या कुंडलिका नदीच्या काठी वसलेले आहे.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तोही मोजक्या दिवसांत पडतो. जिल्ह्याचा भूभाग बेसाल्ट खडकाचा, म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते खडकाच्या झिजलेल्या थरांत, भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांतच साठते. म्हणून शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एकीला भरपूर पाणी आणि दुसरी कोरडी, असे चित्र येथे अनेकदा दिसते. खोल बोअर घेऊन मिळणारे पाणीही या मर्यादित साठ्यातलेच असते. पाऊस कमी पडलेल्या वर्षानंतर उन्हाळ्यात प्रथम आड व विहिरी आणि नंतर बोअर आटतात. अशा वेळी टँकर हाच आधार उरतो.

## इतिहास

### मोती तलाव व हमाम

जालना शहरातील संघटित पाणीपुरवठ्याचा इतिहास मलिक अंबरच्या काळापर्यंत मागे जातो. त्या काळी येथील जहागीरदार असलेल्या जमशेद खान याने शहराच्या पश्चिमेस मोती तलाव बांधला. तलावाचे पाणी जमिनीखालील नळांनी शहरातील हौदांपर्यंत आणले जाई व तेथून त्याचे वाटप होई. शहरातील काळी मशीद, तिच्यालगतची सराय आणि हमाम ही बांधकामेही त्याच्याच नावाशी जोडली जातात. हमाम म्हणजे गरम पाण्याचे सामायिक स्नानगृह. पाणी तापवण्याची व साठवण्याची सोय एकाच ठिकाणी असल्याने इंधन आणि पाणी दोन्ही अनेकांमध्ये विभागले जात असे. शहराच्या भरभराटीच्या काळात येथे पाच तलाव असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते.

### घाणेवाडी ते जायकवाडी

निजामकाळात जालना शहरासाठी कुंडलिका नदीवर घाणेवाडी जलाशय बांधण्यात आला. तो संत गाडगेबाबा जलाशय या नावानेही ओळखला जातो. जलाशय शहरापेक्षा उंचावर असल्याने त्याचे पाणी गुरुत्वाकर्षणाने शहराकडे येते. दीर्घ काळ साचलेल्या गाळामुळे त्याची साठवण क्षमता घटली होती. टंचाईच्या वर्षांत लोकसहभागातून येथील गाळ काढण्यात आला आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत पसरवला.

वाढत्या शहराला हा एक स्रोत अपुरा पडू लागल्यावर गोदावरीचे पाणी आणण्यात आले. पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते, तर उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. धरणाच्या नाथसागर जलाशयातून अंबडमार्गे जालना शहराला पाणी देणारी योजना इ.स. २०१२-१३ च्या दुष्काळाच्या सुमारास पूर्णत्वास गेली. इ.स. २०२३ मध्ये जालना नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. दोन स्रोत उपलब्ध असूनही शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येत आले आहे.

### दुष्काळ

इ.स. १९७२ चा दुष्काळ जिल्ह्याच्या सामूहिक स्मरणात आजही आहे. इ.स. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. जालना मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्या वर्षी याच पिकाच्या अनेक बागा पाण्याअभावी वाळल्या. जालना शहरालाही मोठ्या प्रमाणावर टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागले. इ.स. २०१५-१६ व २०१८-१९ या वर्षांतही मराठवाड्यात तीव्र टंचाई होती.

## पाणीवापराची प्रमाणे

घरगुती पाणीवापर दरडोई दररोज किती लिटर, या मापाने मोजला जातो. जिल्ह्याच्या संदर्भात तीन प्रमाणे महत्त्वाची आहेत.

* २० लिटर : टंचाईकाळात ग्रामीण भागात टँकरने पाणी देताना धरले जाणारे प्रमाण.
* ५५ लिटर : इ.स. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांसाठी ठरवलेले प्रमाण.
* १३५ लिटर : भूमिगत गटार असलेल्या शहरांच्या नियोजनात सर्वसाधारणपणे धरले जाणारे प्रमाण.

पाच जणांच्या कुटुंबाला या प्रमाणांनुसार अनुक्रमे १००, २७५ व ६७५ लिटर पाणी दररोज लागते. नळ आठ दिवसांनी येत असेल, तर ५५ लिटरच्या प्रमाणानेही २,२०० लिटर साठवण आवश्यक ठरते. जागा व पैसा यांअभावी ज्या घरांना एवढी मोठी टाकी घेता येत नाही, त्यांना नळ आलेल्या दिवशी मिळणारे पाणीही पूर्णपणे भरून ठेवता येत नाही. त्यामुळे एकाच गल्लीतील दोन घरांच्या पाणीवापरात मोठी तफावत पडते. पाणी भरण्याचे व वाहण्याचे काम बहुतेक घरांत स्त्रियांकडे असते आणि टंचाईत त्याचा भारही त्यांच्यावरच अधिक पडतो.

## साठवण

### भांडी व टाक्या

पिण्याच्या पाण्यासाठी माठ, रांजण, हंडे, कळशा व पिंपे, तर वापरायच्या पाण्यासाठी सिमेंटचे हौद, लोखंडी व प्लॅस्टिकचे ड्रम, जमिनीखालील टाक्या आणि छतावरील प्लॅस्टिकच्या टाक्या वापरात आहेत. मातीच्या माठातून पाणी पाझरून त्याचे बाष्पीभवन होते व त्यामुळे आतील पाणी थंड राहते. या पद्धतीत काही पाणी खर्ची पडते, पण माठ गच्चीवर किंवा उन्हात न ठेवता सावलीत ठेवल्यास हा खर्च मर्यादित राहतो.

### शिळे पाणी

नळ आला की आधीचे साठवलेले पाणी शिळे समजून ओतून देण्याची सवय अनेक घरांत आढळते. झाकण असलेल्या स्वच्छ भांड्यात ठेवलेले आणि ओगराळ्याने काढलेले पाणी केवळ काही दिवस उलटल्यामुळे निरुपयोगी होत नाही. पिण्याबाबत शंका असल्यास ते उकळून घेता येते किंवा कपडे, फरशी व शौचालयासाठी वापरता येते. पाण्यात हात किंवा पेला बुडवल्यास मात्र ते लवकर दूषित होते. म्हणजेच साठवणुकीतील स्वच्छता हाही बचतीचाच भाग ठरतो.

### डासांची उत्पत्ती

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास घरातील स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अनुकूल हवामानात अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आरोग्य यंत्रणा आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी करण्याचा म्हणजेच 'कोरडा दिवस' पाळण्याचा आग्रह धरते. ज्या घरी नळ आठवड्याने येतो तेथे ही सूचना पाणीबचतीच्या विरोधात जाते असे वाटू शकते. घट्ट झाकण किंवा भांड्याच्या तोंडाला बांधलेले दाट विणीचे कापड, तसेच एकेक भांडे आळीपाळीने वापरून रिकामे करणे, या उपायांनी दोन्ही उद्देश साधतात. रिकामे करताना पाणी गटारात न ओतता गाळून धुण्यासाठी वापरले जाते. डासअळ्या गटारात किंवा डबक्यात पडल्यास जगू शकतात, म्हणून गाळलेल्या अळ्या कोरड्या जमिनीवर टाकाव्या लागतात.

### गळती

सेकंदाला एक थेंब या वेगाने ठिबकणाऱ्या नळातून दिवसाला सुमारे ४.३ लिटर, म्हणजे वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक पाणी वाया जाते. छतावरील टाकीचा बॉलकॉक बिघडल्यास होणारी नासाडी याहून कितीतरी मोठी असते. सर्व नळ बंद करून टाकीतील पातळीची खूण रात्री व सकाळी तपासणे, हा गळती ओळखण्याचा सोपा मार्ग आहे.

## स्नान व गरम पाणी

घरगुती वापरात स्नानाचा वाटा मोठा असतो. बादली व तांब्याने स्नान केल्यास साधारण १५ ते २० लिटर पाणी लागते. मिनिटाला १० लिटर पाणी देणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटे स्नान केल्यास १०० लिटर, तर स्नानाचा साधा टब एकदा भरण्यासाठी १५० लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. टँकरच्या २० लिटरच्या प्रमाणाशी तुलना केल्यास शॉवरचे एक स्नान पाच माणसांच्या एका दिवसाच्या पाण्याएवढे होते.

### बंब व घंगाळ

गिझर येण्यापूर्वी मराठवाड्यातील अनेक घरांत पाणी तांब्या-पितळेच्या बंबात तापवले जाई. बंबाच्या मध्यभागी जाळाची नळी आणि तिच्याभोवती पाणी असते. खाली असलेल्या तोटीतून गरम पाणी काढले जाते आणि तेवढेच गार पाणी वरून ओतले जाते. गरम पाणी घंगाळात किंवा बादलीत घेऊन त्यात विसण, म्हणजे ऊन पाणी सोसवेल इतके करण्यासाठी लागणारे गार पाणी, घातले जाई. या पद्धतीत पाणी मोजून घेतले जात असल्याने वाहून जाणारे पाणी जवळजवळ नसे. बंबासाठी लाकूडफाटा मात्र लागत असे व धुराचा त्रासही होई.

### गिझर व सौर बंब

छतावरील सौर बंबापासून न्हाणीघरापर्यंत नळ लांब असल्यास गरम पाणी येण्याआधी नळातील गार पाणी बाहेर पडते. २० मिलिमीटर आतील व्यासाच्या १५ मीटर लांब नळात सुमारे ४.७ लिटर पाणी मावते. प्रत्येक वेळी तेवढे पाणी मोरीत सोडले गेल्यास चार जणांच्या घरात रोज जवळपास एक बादली पाणी वाया जाते. हे पाणी बादलीत धरून विसणासाठी वापरणे, सर्वांनी लागोपाठ स्नान करणे, नळाची लांबी कमी ठेवणे आणि नळाला उष्णतारोधक आवरण घालणे हे त्यावरील उपाय होत.

बेसाल्टमधील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असल्याने ते बहुधा जड असते. पाणी तापवल्यावर क्षारांचा पांढरा थर गिझरच्या कॉइलवर व नळांत बसतो. त्यामुळे विजेचा खर्च वाढतो आणि तोट्या नीट बंद न झाल्याने गळतीही सुरू होते. जड पाण्यात साबणाला फेस कमी येत असल्याने धुण्यासही अधिक पाणी लागते.

## गरम पाण्याचा टब

### स्वरूप

गरम पाण्याचा टब अर्थात हॉट टब हा साध्या स्नानाच्या टबापेक्षा वेगळा असतो. त्यात पाणी एकदा भरून पंप, गाळणी, तापक व निर्जंतुक द्रव्य यांच्या साहाय्याने आठवडे किंवा महिने वापरात ठेवले जाते. इटालियन वंशाच्या जकूझी कुटुंबाच्या अमेरिकेतील कंपनीने इ.स. १९५६ मध्ये टबात बसवता येणारा जलोपचाराचा पंप विक्रीस आणला. त्याच कंपनीने १९६८ मध्ये पंप अंगभूत असलेला टब तयार केला. त्यामुळे अशा टबांना सर्रास जकूझी म्हटले जाते. भारतात ते प्रामुख्याने हॉटेले, रिसॉर्ट आणि मोठे बंगले येथे आढळतात. घरगुती टबाची क्षमता साधारणतः ८०० ते २,००० लिटर असते.

१,२०० लिटरचा टब एकदा भरण्यास लागणारे पाणी पाच जणांच्या कुटुंबाला टँकरच्या प्रमाणाने १२ दिवस, ५५ लिटरच्या प्रमाणाने चार दिवसांहून थोडे अधिक आणि १३५ लिटरच्या प्रमाणाने पावणेदोन दिवसांहून थोडे अधिक पुरते. टबात उतरण्यापूर्वी अंग धुवावे लागते, म्हणून टबाचे पाणी हे स्नानाच्या पाण्याला पर्याय ठरत नाही, तर ते अतिरिक्त असते. टँकरने पाणी घेणाऱ्या घरासाठी किंवा उन्हाळ्यात आटणाऱ्या बोअरवर अवलंबून असलेल्या घरासाठी ही बाब टब घेण्याआधीच विचारात घ्यावी लागते. लहान आकाराचा टब निवडणे ही त्यातील पहिली व सर्वांत मोठी बचत असते.

### बाष्पीभवन

सुमारे ४ चौरस मीटर पृष्ठभाग असलेल्या टबातील पातळी १ सेंटीमीटरने घटली, तर ४० लिटर पाणी कमी झालेले असते. गरम पाणी, कोरडी हवा आणि वारा यांमुळे बाष्पीभवन वाढते. जिल्ह्यातील मार्च ते मे या महिन्यांतील हवा उष्ण व कोरडी असते. बाष्पीभवनात उष्णताही जाते. ४० अंश सेल्सिअसला ४० लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २७ युनिट विजेइतकी ऊर्जा खर्ची पडते, तर १,२०० लिटर पाणी २५ वरून ४० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे २१ युनिट पुरतात. त्यामुळे वापर नसताना टबावर घट्ट बसणारे उष्णतारोधक झाकण ठेवणे हा पाणी आणि वीज या दोन्हींच्या बचतीचा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. भिंत किंवा जाळीने वारा अडवणे, हवेचे फवारे गरजेपुरतेच चालवणे आणि पाणी काठोकाठ न भरणे यांमुळेही घट कमी होते.

### गळतीची तपासणी

पातळी घटण्याचे कारण बाष्पीभवन आहे की गळती, हे ठरवण्यासाठी झाकण लावून व पंप बंद ठेवून पातळीची खूण केली जाते. एका दिवसानंतर झाकणाखालीही पातळी स्पष्टपणे उतरली असेल, तर गळतीचा संशय घेतला जातो. हीच तपासणी पंप चालू ठेवून पुन्हा केल्यास गळती पंप व नळांच्या जोडांत आहे की टबाच्या भांड्यात, याचा अंदाज येतो.

### पाण्याची शुद्धता व बदल

टबातील पाणी जितका काळ सुरक्षित राहते तितका काळ ते बदलावे लागत नाही, म्हणून शुद्धता राखणे हाच बचतीचा मार्ग ठरतो. पाण्याचा सामू ७.० ते ७.८ च्या दरम्यान व मुक्त क्लोरिनचे प्रमाण किमान ३ पीपीएम ठेवण्याची आणि तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर न नेण्याची शिफारस केली जाते. तेल, उटणे किंवा साबण अंगावर असताना टबात उतरल्यास पाणी लवकर खराब होते. दिवाळीतील अभ्यंगस्नानासारख्या तेल लावून करायच्या स्नानासाठी म्हणूनच टब योग्य नसतो.

पाणी किती दिवसांनी बदलावे याचा एक ढोबळ आडाखा असा, की टबातील लिटरच्या संख्येला १२ ने आणि रोजच्या वापरकर्त्यांच्या संख्येने भागावे. १,२०० लिटरच्या टबात रोज दोघे बसत असल्यास हा कालावधी ५० दिवसांचा येतो. वापर कमी असला तरी साधारण तीन-चार महिन्यांनी पाणी बदलले जाते. बोअरच्या जड पाण्याने टब वारंवार भरून काढल्यास पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे हा कालावधी आणखी कमी होतो. गाळलेले पावसाचे पाणी मिसळल्यास क्षारांची वाढ मंदावते. गाळणी वाहत्या नळाखाली धुण्याऐवजी बादलीत भिजवून साफ केल्यास पाणी वाचते.

बचतीसाठी दूषित पाणी वापरत राहणे धोक्याचे असते. निर्जंतुक द्रव्य कमी पडलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात आणि तुषारांवाटे फुप्फुसात जाऊन गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. टंचाईत पाणी बदलणे शक्य नसेल, तर टब रिकामा करून बंद ठेवणे हा सुरक्षित पर्याय असतो.

### काढलेल्या पाण्याचा वापर

टब रिकामा करण्यापूर्वी काही दिवस औषध न टाकता पाणी उघडे ठेवल्यास क्लोरिनचे प्रमाण घटते. चाचणीपट्टीवर क्लोरिन दिसेनासे झाल्यावर हे पाणी फरशी, अंगण व वाहने धुण्यासाठी किंवा शौचालयात वापरता येते. ब्रोमिन वापरलेले किंवा क्षारांचे प्रमाण अधिक असलेले पाणी झाडांना घालणे टाळले जाते. जिल्ह्यातील काळ्या चिकणमातीत सोडियम साचल्यास मातीची घडण बिघडते व तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही. विहिरीत किंवा बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात असे पाणी सोडल्यास पिण्याचा स्रोत दूषित होऊ शकतो.

## सांडपाण्याचा पुनर्वापर

जिल्ह्यातील अनेक घरांत एकच पाणी क्रमाने अनेक कामांसाठी वापरले जाते. भाज्या व धान्य धुतलेले पाणी झाडांना, कपडे खळबळलेले शेवटचे पाणी पुढच्या धुण्याला किंवा फरशीला आणि स्नानाचे पाणी परसबागेला दिले जाते. केळी व अळू मोरीच्या पाण्यावर लावण्याची पद्धत ग्रामीण भागात रूढ आहे. जलशुद्धीकरणाच्या आरओ यंत्रातून १ लिटर शुद्ध पाण्यामागे बहुधा त्याहून अधिक पाणी बाहेर टाकले जाते. ते साठवून भांडी किंवा फरशी धुण्यासाठी वापरता येते.

ज्या पाण्याचा पुनर्वापर शक्य नाही ते शोषखड्ड्यात जिरवले जाते. नांदेड जिल्ह्यात घरोघरी असे खड्डे घेऊन गावातील उघडी गटारे बंद करण्याची पद्धत 'नांदेड पॅटर्न' या नावाने राज्यात ओळखली गेली. शौचालयाचे पाणी शोषखड्ड्यात सोडले जात नाही आणि खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून पुरेशा अंतरावर घ्यावा लागतो.

## पर्जन्यजल संकलन

१०० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडल्यास आणि त्यातील ८० टक्के पाणी धरता आल्यास वर्षाला ५६,००० लिटर पाणी मिळते. पाच जणांच्या कुटुंबाला ५५ लिटरच्या प्रमाणाने ते सुमारे २०० दिवस पुरेल इतके असते. एवढी मोठी टाकी बांधणे बहुतेक घरांना परवडत नाही. त्यामुळे लहान टाकी भरून उरलेले पाणी वाळू, खडी व कोळशाच्या गाळणीतून विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडले जाते. पहिल्या पावसाचे पाणी छतावरील धूळ व पक्ष्यांची विष्ठा वाहून आणत असल्याने ते वेगळे काढून देण्याची सोय ठेवली जाते.

एका घराच्या पुनर्भरणाचा लाभ एकट्या त्या घराला मिळत नाही, तो परिसरातील भूजलाला मिळतो. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण मानले जाते. येथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र यांच्या साहाय्याने माथ्यापासून पायथ्यापर्यंत मृद व जलसंधारणाची कामे झाली. या कार्यात विजयअण्णा बोराडे यांचा पुढाकार होता. पुढे गावात मोठ्या संख्येने शेततळी झाली व द्राक्षशेती वाढली. शेततळ्यांतही झिरपणे रोखण्यासाठी प्लॅस्टिकचे अस्तर घालावे लागते आणि उघड्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होतच राहते. या दृष्टीने घरातील टाकी, टब व शेतातील तळे यांच्यापुढील प्रश्न सारखेच असतात.

## कायदे व प्रशासन

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा इ.स. २०१४ पासून अमलात आला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे संरक्षण, अधिसूचित क्षेत्रांतील भूजल उपशावर नियंत्रण आणि पर्जन्यजल संकलन यांबाबत त्यात तरतुदी आहेत. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींमधील पाणीपातळी नियमितपणे मोजते. त्या नोंदींवरून संभाव्य टंचाईग्रस्त गावांचा अंदाज बांधला जातो. ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संकलनाची सोय करणे बंधनकारक आहे. टंचाईकाळात जिल्हाधिकारी धरणांतील पाणी पिण्यासाठी राखून ठेवतात. स्थानिक संस्था वाहने धुणे, जलतरण तलाव भरणे अशा वापरांवर निर्बंध घालू शकतात.

## मर्यादा

घरगुती वापर हा जिल्ह्याच्या एकूण पाणीवापराचा लहान भाग आहे. सर्वाधिक पाणी शेतीला लागते. घराघरांतील बचतीने दुष्काळ टळत नाही आणि वितरणातील गळती किंवा अनियमित पुरवठा यांचीही भरपाई होत नाही. तसेच ज्या कुटुंबाला मुळातच दरडोई २० लिटर पाणी मिळते, त्याच्याकडून आणखी बचतीची अपेक्षा ठेवल्यास आरोग्यावर विपरीत परिणाम होतो. बचतीला खरा वाव मोठी टाकी, स्वतःचे बोअर, शॉवर किंवा टब असलेल्या घरांत असतो. बेसाल्टमधील भूजलसाठा सामायिक असल्याने अशा घरात वाचलेले पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस शेजारच्या आडाला किंवा विहिरीला उपयोगी पडू शकते.